लागू नाही

३ जून

ही वही खरं तर हिशेबासाठी आणली होती. हिशेब कॉम्प्युटरवर उतरला आणि वही कोरीच राहिली, म्हणून आता हिशेबात न बसणारं इथे लिहायचं ठरवलं आहे. बघू किती टिकतं. माझे संकल्प फार तर आठवडाभर दम धरतात.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. पदव्युत्तर संख्याशास्त्र, प्रथम श्रेणी. आत्याला लाँड्रीत फोन केला. ती काउंटरवर होती, मागे वाफेच्या इस्त्रीची फुसफुस ऐकू येत होती. म्हणाली, "म्हणजे आता निम्मी शिकलीस." मी म्हटलं, "निम्म्या पदवीला कोण विचारतं, आत्या." हे मी चेष्टेत म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर त्यात चेष्टा काही सापडेना.

पदवी निम्मी असली तरी कर्ज अख्खं आहे. पहिल्या वर्षाचे तीन लाख घेऊन झाले. दुसऱ्या वर्षाचे तीन घ्यायचे तर महिनाअखेरीपर्यंत बँकेत सह्या व्हायला हव्यात. नाही घेतले, तर डोक्यावर तीन लाख आणि हातात एक गुणपत्रिका. घेतले, तर डोक्यावर सहा. तिसरी वाट शोधते आहे, पण ती अभ्यासक्रमात नव्हती.

७ जून

सुट्टीत औषधांच्या गोदामात जाते आहे. खोक्यांवरची मुदत बघायची, संपत आलेली पुढे आणायची, आकडे नोंदवायचे. मालकांना सगळे काका म्हणतात. आज काकांनी बोलावून विचारलं, कायमची राहतेस का. महिना चोवीस हजार. जिन्याखालचं टेबल माझं. त्या टेबलाची खुर्ची अशी आहे की पाठ कायम दाराकडे असते, म्हणजे कोण आलं ते आवाजावरूनच ओळखायचं.

मी म्हटलं, माझं शिक्षण चालू आहे. काका म्हणाले, "शिकून तरी काय करणार? मोजणारच ना? मग इथे मोज." मला हसू आलं आणि रागही आला. महिनाअखेरीपर्यंत ते थांबणार आहेत.

घरी सांगितलं तर आत्या भडकली. ती बाबांची थोरली बहीण. मी सातवीत असताना मला शिकायला म्हणून इकडे घेऊन आली, तेव्हापासून मी तिच्याकडेच. म्हणाली, "तीस वर्षं मी लोकांचे कपडे मोजतेय. तुला काय त्यासाठी आणलं होतं?" मग तिने मला खालून दूध आणायला पिटाळलं. हल्ली खाली जायचं प्रत्येक काम माझ्या गळ्यात. वय वाढलं की माणसं हुकूम सोडायला लागतात.

१० जून

आज नीट हिशेब मांडला. विभागाच्या माहितीपत्रकात आमच्या माजी विद्यार्थ्यांचा सरासरी पगार दिला आहे, अठ्ठावन्न हजार. गेल्या वर्षी ते पत्रक वाचूनच मी अर्ज केला होता. सहा लाखांचा हप्ता साधारण तेरा हजार पडेल. अठ्ठावन्नातून तेरा गेले तरी पंचेचाळीस उरतात. गोदामाचे चोवीस, त्यातून पहिल्या वर्षाच्या कर्जाचा हप्ता साडेसहा, उरले साडेसतरा. यात विचार करण्यासारखं काही नाहीच. तरी मी तीन वेळा आकडेमोड केली. उत्तर बरोबर आलं की मला आणखी धास्ती वाटते.

एक अडचण आहे. पहिल्या वर्षी आत्या नुसती जामीन होती. आता रक्कम वाढते, म्हणून बँकेला तारण हवंय. म्हणजे आत्याची मुदत ठेव. माझं कर्ज फिटेपर्यंत ती अडकून पडणार.

तिला सांगितलं. ती कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या घरी आणून दोऱ्यात ओवत बसली होती. म्हणाली, "त्या पैशातून थोडी दुरुस्ती करायची होती. थांबेल ती." स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे, त्याबद्दल म्हणत असणार. मी म्हटलं, ओल काय, दोन वर्षं बघायची नाही तिकडे.

मग तिने विचारलं, दुपारी जेवलीस का. पैसे वाचवायला मी जेवले नव्हते. म्हटलं, हो, बाहेर खाल्लं. "कान सोड," ती म्हणाली आणि ताट वाढलं. मला कानाची पाळी ओढायची सवय आहे आणि आत्याला ती लहानपणापासून खुपते. पाळी लोंबेल अशी भीती वाटत असेल तिला.

१२ जून

मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, बोलावलं होतं. नवीन माहितीपत्रक छापायचं आहे, त्यासाठी गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या तुकडीला फोन करून कोण काय करतं आणि किती कमावतं ते विचारायचं. काम पंधरा दिवसांचं. बदल्यात दुसऱ्या वर्षाच्या फीमध्ये सूट. मी दुसरं वर्ष करणार असं त्यांनी गृहीतच धरलं होतं आणि मीही मान डोलावली. मग रस्त्यात आठवलं की माझं अजून ठरलेलं नाही.

गोदामात सकाळपाळी मागून घेतली. दुपारी विभागात. बसायला ग्रंथालयाच्या मागची खोली आहे. तिथे जुनी कपाटं, एक टेबल, एक फोन आणि न उघडणारी खिडकी. यादीत अडतीस नावं. तीनदा फोन करायचा, नाही उचलला तर "प्रतिसाद नाही" लिहून पुढे जायचं. फोनवर काय बोलायचं ते मी लिहूनच काढलं: "नमस्कार, मी विभागातून बोलते आहे. आपली दोनच मिनिटं घेते." दोन मिनिटं म्हटलं की लोक ठेवत नाहीत.

१६ जून

लोक गमतीचे असतात. ज्यांचं बरं चाललंय ते पहिल्या घंटीला फोन उचलतात आणि दोन मिनिटांची वीस करतात. एकाने तर ऑफिसातली कॉफी कोणती असते तेही सांगितलं. एकजण म्हणाला, पगार कळवतो पण नाव घालू नका, आणि मग नाव नीट कसं लिहायचं तेही सांगितलं.

बाकीच्यांची मात्र पंचाईत. एक मुलगी शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. एक भावाच्या दुकानात हार्डवेअर विकतो. एकीला तीन महिन्यांचं काम होतं, आता नाही. यांना कुठे बसवायचं? स्क्रू विकून मिळालेले पैसे हा संख्याशास्त्राचा पगार कसा? सगळंच एका टोपलीत टाकलं तर ती सरासरी कशाची म्हणायची, काही अर्थच राहत नाही.

घरी जाताना उत्तर सुचलं. व्याख्या करायची. नोकरी पूर्णवेळ हवी, कायम हवी आणि विषयाशी संबंधित हवी. तीनही असेल तरच धरायची. नाहीतर त्या नावापुढे "लागू नाही". सुटसुटीत.

घरी आले तर आत्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली होती. म्हणाली, वारा छान येतो. आमच्या जिन्यात वारा कधीपासून यायला लागला कोण जाणे. मीही शेजारी बसले आणि तिला व्याख्येबद्दल सांगितलं. तिने नीट ऐकलं. "म्हणजे ज्याचं बरं नाही त्याला बाहेर काढायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, तसं नाही गं, ते तांत्रिक आहे.

१९ जून

मॅडमना व्याख्या एकदम पसंत पडली. "इतकी वर्षं आपण कसंही मोजत होतो. हे शास्त्रशुद्ध आहे," म्हणाल्या. नियम म्हणून तो आता कायमचा लिहून ठेवणार. माझं डोकं दिवसभर ढगात होतं.

नियम लावून नवी सरासरी काढली. चौसष्ट हजार. अठ्ठावन्नाची चौसष्ट झाली. माझ्या हिशेबातही लगेच बदल केला. हप्ता जाऊन एक्कावन्न उरतात. आत्याची ठेव दोन वर्षांत सुटते. काकांना उद्या नाही म्हणून टाकावं का? पण महिनाअखेर आहे अजून. राहू दे तोवर, काय बिघडतं.

२३ जून

एका नावाला दोनदा फोन लागला नव्हता. त्या तुकडीत पहिला आलेला मुलगा. आज तिसऱ्या खेपेला त्याने उचलला. मागे गाड्यांचे भोंगे. मी माझी दोन मिनिटांची प्रस्तावना म्हटली.

"टोलनाक्यावर असतो," तो म्हणाला. "गाड्या मोजतो. विषयाशी संबंधित धरता का?"

मी म्हटलं, "कायम आहे का?"

"नाही."

"मग लागू नाही."

तो हसला. वाईट नाही हसला. मग विचारलं, "तुम्ही कितव्या वर्षाला?"

"दुसऱ्या वर्षाला जाणार."

"कर्ज काढून?"

"हो."

"मग मला काय विचारता, उलट तुम्हीच मला सांगा. यादीत नावं किती आणि धरलीत किती?"

मी म्हटलं, ती माहिती गोपनीय आहे. कोणी सांगितलं होतं मला गोपनीय आहे म्हणून? तोंडातून निघून गेलं. मग वर म्हटलं, तुमचं उदाहरण अपवाद आहे.

"असेन," तो म्हणाला, "पण बाकीचे मोजल्याशिवाय कसं कळलं?" मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने सांगून, नीट निरोप घेऊन फोन ठेवला. उर्मट असता तर बरं झालं असतं.

२४ जून

मोजलं. अडतीस नावं. धरलेली नऊ. "लागू नाही" बारा. "प्रतिसाद नाही" सतरा.

त्या बारांनी सांगितलेले पैसे माझ्याकडे होतेच. ते मिळवले तर सरासरी सदतीस हजार. आणि फोनच न उचलणाऱ्या सतरांची काय कमाई असेल? कॉफीचं नाव सांगायला तर त्यांनी फोन टाळला नसेल. सदतीसातून तेरा गेले की उरतात चोवीस. काका आज देतात तेवढेच, पहिल्या कर्जाचा हप्ता सोडला तर. म्हणजे वर्ष घालवून, आत्याची ठेव अडकवून मी फिरून जिन्याखालच्या टेबलापाशी. तेही नशीब बरं असलं तर.

मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच मी जास्त गांगरले. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "नियम तुझा आहे आणि चांगला आहे. हे बघ, यंदा वीस प्रवेश झाले नाहीत तर विभाग बंद करून दुसरीकडे जोडणार आहेत. मग तुझं दुसरं वर्ष कुठे होणार?" मग म्हणाल्या, "आपण खोटं काहीच छापत नाही. खाली बारीक अक्षरात व्याख्या देऊ."

म्हणजे आकडा खाली आणला तर विभाग जातो आणि माझी निम्मी पदवी निम्मीच राहते. वर ठेवला तर त्याच आकड्यावर विसंबून मलाच सही करायची आहे. ज्या सापळ्यात अडकायचं त्याला मीच तेल घालून ठेवलं आहे. आणि मॅडमच्या डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं आहेत ते आज पहिल्यांदा दिसलं. त्यांनाही बाहेर पडायला जागा नाही.

२६ जून

काकांनी विचारलं, काय ठरलं. म्हटलं, घरी विचारते. घरी आत्याने विचारलं, बँकेत कधी जायचंय. म्हटलं, कॉलेजात विचारते. आज दिवसभर मी एवढंच केलं.

२८ जून

आत्याने न सांगताच अर्धी रजा टाकली होती. मी उठले तर ती कडक इस्त्रीचे कपडे घालून तयार. लाँड्रीतल्या माणसाची ही एक चैन. म्हणाली, "चल, आजच उरकू. मालक रोज रोज सोडणार नाही." माझं अजून ठरलेलं नव्हतं, पण मी चप्पल पायात सरकवली.

बँकेच्या पायऱ्या ती कठड्याला धरून, बाजूबाजूने चढली. नवी चप्पल चावते म्हणाली. आत बाकावर बसलो. आमचा नंबर यायला वेळ होता. तिथे तिने विचारलं, "नोकरी लागली की किती मिळतील म्हणालीस?"

"चौसष्ट."

"सगळ्यांना?"

"सरासरी आहे ती. कुणाला कमी, कुणाला जास्त."

"ते कळतं मला. पण सगळ्यांना धरून चौसष्ट?"

समोरच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो. मी म्हटलं, "हो."

"कान सोड," आत्या म्हणाली.

मी हात खाली घेतला. अशा वेळीही तिला माझ्या पाळीची पडलेली. नंबर आला. तिने दोरीला बांधलेलं पेन उचललं, दाखवलेल्या प्रत्येक जागी सावकाश सही केली आणि पेन पुन्हा जागेवर खोचून ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "झालं. आता मागे बघायचं नाही."

मी तिला खोटं सांगितलं. का, ते मलाही धड माहीत नाही. तीन लाख बुडतील म्हणून, त्या खुर्चीची पाठ दाराकडे आहे म्हणून आणि ती इस्त्री करून निघाली होती म्हणून.

३० जून

काकांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मोजून झालं की ये." त्या टेबलावर आज दुसरी एक मुलगी बसली होती. तिला खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करून बसायचं सुचलं. मला इतक्या दिवसांत कधी सुचलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

पहिल्या वर्षाला एकवीस मुलं आली. विभाग वाचला. दाराशी मोठा फलक लावला आहे, त्यावर "६४,०००". व्याख्या खाली आहे, पण फलकासमोर झाडाची कुंडी ठेवल्यामुळे ती वाचायला वाकावं लागतं. आज एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. वडील आकड्याकडे बघत उभे होते. मी दुसऱ्या दाराने आत गेले.

(पुढचं वर्ष) ११ मे

वही सापडली. मधल्या काळात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाचावं लागलं असतं. पदवी झाली. प्रथम श्रेणी. आत्याने आता डबा लाँड्रीतच न्यायला सुरुवात केली आहे, दुपारी घरी येत नाही. मालकाने तिला काउंटरमागे उंच स्टूलही दिलं आहे. मजा आहे बाईची. आज निकाल ऐकून तिने विचारलं, "ठेव कधी सुटेल आता?" म्हटलं, नोकरी तर लागू दे. तिला पैशांची काळजी इतकी का लागली आहे कळत नाही. असं कधी नव्हतं तिचं.

९ ऑगस्ट

नोकरी लागली. बाजारपेठेची पाहणी करणारी कंपनी. लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे, विसंगत उत्तरांवर खूण करायची. काम पूर्णवेळ, विषयाशी संबंधित. सहा महिन्यांचा करार. बावीस हजार. गोदामापेक्षा दोन कमी. मुलाखतीला आमच्याच तुकडीतले सहा जण होते. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली, पण पगाराचं कोणी बोललं नाही.

हप्ता जानेवारीपासून. बावीस वजा तेरा. हे लिहायला हिशेब लागत नाही.

२ नोव्हेंबर

आत्या खाली ठेवलेला छत्रीएवढा हलका गठ्ठा उचलायला लाँड्रीत वाकून बसली, ती उठलीच नाही. मला ऑफिसात फोन आला. मी पोचले तेव्हा मालक बाहेरच उभे होते. म्हणाले, "दोन्ही गुडघ्यांची वाटी गेलीय तिची, डॉक्टरांनी कधीचं सांगितलंय बदलायला. पैसे तयार होते म्हणायची. कुठे अडकले मग?"

रिक्षाने घरी आणली. तीन मजले आम्ही प्रत्येक वळणावर बसत चढलो. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "वारा छान येतो," आणि हसली. मला हसता येईना. ओल आलेली भिंत मी यंदा स्वतः रंगवली होती, तिच्या वाढदिवसाला, तिची ती राहिलेली दुरुस्ती तरी होईल म्हणून. तेव्हाही ती हसलीच होती आणि छान दिसते म्हणाली होती.

१४ जानेवारी

पहिला हप्ता गेला. करार सहा महिन्यांनी वाढवणार आहेत, कायम करणार नाहीत. बँकेत जाऊन विचारलं, ठेवीतली निम्मी तरी मोकळी करता येते का. खिडकीतला माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, कर्ज फिटल्याशिवाय नाही. पगार वाढला की लवकर फेडा ना." त्याच्यामागे भिंतीवर हसऱ्या मुलीचं पोस्टर होतं, डोक्यावर पदवीची टोपी.

आत्या आता लाँड्रीत जात नाही. चिठ्ठ्या ओवायचं काम घरी आणते. त्याचे पैसे नगावर मिळतात.

१८ जून

आज रविवार. सकाळी आत्याच्या गुडघ्यांना शेक देत होते. तिची खाट आता बाहेरच्या खोलीत आहे. तिचा पाय माझ्या मांडीवर, एका हाताने शेकाची पिशवी धरलेली. फोन वाजला. नंबर बघितला आणि ओळखला, ग्रंथालयामागच्या खोलीतला. तिथून मीच किती फोन केले होते. उचलू नये असं वाटलं. सतरांमध्ये जाऊन बसावं. पण आत्या म्हणाली, "घे ना, कामाचा असेल."

"नमस्कार, मी विभागातून बोलते आहे. आपली दोनच मिनिटं घेते." माझंच वाक्य, जसंच्या तसं. रविवारीही बसली होती बिचारी.

तिने विचारलं, मी सांगितलं. पूर्णवेळ, हो. विषयाशी संबंधित, हो. कायम, नाही. ती घुटमळली. "मग ताई, मी तुमचं..."

"लागू नाही," मी म्हटलं.

"हो. सॉरी. नियमच तसा आहे."

"माहीत आहे. फक्त 'प्रतिसाद नाही'मध्ये घालू नकोस, ते वेगळं असतं."

तिला हायसं वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू? मी यंदा दुसऱ्या वर्षाला जाणार. आकडा खूप चांगला येतोय, सत्तरच्या वर. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. उद्या सह्या आहेत. करू ना? तुम्हाला काय वाटतं?"

उठून गॅलरीत जावं, तर आत्याचा पाय मांडीवर. ती डोळे मिटून पडली होती, पण जागी होती, आणि आमची खोली केवढी, पलीकडचा आवाजही तिला ऐकू जात असणार. खरं बोलले तर तिच्या कानावर पडणार की मला आधीच माहीत होतं. दोन वर्षं मी एवढं एकच जपलं आहे, की आत्याला वाटावं नशीब आडवं आलं. आपल्या पोरीने आपल्याला फसवलं, असं वाटू नये. ते गेलं तर मला घरात तोंड लपवायला जागा उरणार नाही.

मी म्हटलं, "आकडा खरा असतो. आपण खोटं काही छापत नाही."

"कान सोड," आत्या म्हणाली.

शेकाची पिशवी मी कधी सोडली आणि हात वर कधी गेला, कळलं नाही. डोळे तिने उघडलेही नव्हते. तिला दिसलंच नव्हतं, तरी म्हणाली. मी जेवले नसताना जेवले म्हणायचे, तेव्हा ती हेच म्हणायची. बँकेत बाकावर म्हणाली होती, आणि मग दोरीचं पेन उचललं होतं.

फोनवर मुलगी म्हणत होती, "हॅलो? ताई, आहात ना?"

मी हात खाली घेतला. "तुझ्या यादीत एकूण नावं किती आहेत?" मी तिला विचारलं.

"तेहेतीस."

"आणि धरलीस किती?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. आत्याने पाय जरा सरकवून नीट माझ्या मांडीवर ठेवला.

"सावकाश मोज," मी म्हटलं, "मी थांबते," आणि पिशवी पुन्हा तिच्या गुडघ्यावर धरली.